पाहुण्या शिक्षकाचा दिवस

शाळा म्हटली की ती सर्वत्र सारखीच, असे आपणांस वाटते. चार भिंती, एक फळा, थोडे खडू आणि घंटेकडे कान लावून बसलेली मुले एवढे जमले की शाळा झाली. मग देश कोणताही असो. परंतु परदेशी जाऊन तेथील मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला विचाराल, तर तो निराळेच सांगेल. फळा तोच असतो, खडूही तोच असतो. पण शाळेत पाऊल कसे टाकावे येथपासून शाळेतून निरोप कसा घ्यावा येथपर्यंत त्याला सारे नव्याने शिकावे लागते. शिकविण्यासाठी गेलेला हा मनुष्य प्रथम विद्यार्थी होतो.

जपानमध्ये असे पाहुणे शिक्षक फार दिवसांपासून येत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य विद्या शिकण्याचे मनावर घेतले आणि अनेक परदेशी अध्यापकांना मानाने बोलावून घेतले. १८९० मध्ये लाफकादिओ हर्न नावाचे लेखक जपानला आले आणि मात्सुए या गावच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्यांचा जन्म ग्रीसमधला व बालपण आयर्लंडमधले. ते जपानमध्ये इतके रमले की, १८९६ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले आणि कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. पुढे १९८७ मध्ये जपान सरकारने परदेशी तरुणांना शाळांतून भाषा शिकविण्यासाठी बोलावण्याची एक मोठी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण-तरुणी आल्या. त्यानंतर हा ओघ कित्येक देशांतून वाहत राहिला. या शिक्षकांना ‘साहाय्यक भाषा-शिक्षक’ असे म्हणतात. एका वेळी एक वर्षाचा करार होतो आणि फार तर पाच वर्षांपर्यंत तो वाढविता येतो.

मुलांनो, आज आपण अशाच एका पाहुण्या शिक्षकाच्या पाठोपाठ जपानमधील एका कनिष्ठ माध्यमिक शाळेत जाऊ या. या शाळेत बारा ते पंधरा वर्षांची मुले शिकतात, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाची. गावोगावच्या शाळांच्या वेळांत थोडाफार फरक असतो. तथापि दिवसाची घडी बहुतेक सारखीच असते.

सकाळचे आठ वाजत आले आहेत. शाळेच्या प्रवेशद्वाराशी लाकडी खणांच्या रांगा आहेत. बाहेरून आलेला प्रत्येक जण आपले जोडे तेथे काढतो, आपल्या खणात नीट ठेवतो आणि केवळ शाळेच्या आत वापरावयाचे हलके जोडे पायांत घालतो. बाहेरची धूळ बाहेर राहावी, हा हेतू. आपल्याकडेही घरात शिरताना चपला उंबऱ्याबाहेर काढतात. म्हणून मराठी मुलाला या रीतीचे नवल वाटणार नाही. पण ज्या देशात जोडे घालूनच घरभर वावरतात, तेथून आलेला शिक्षक पहिल्या दिवशी येथेच अडखळतो. त्याच्याजवळ आतले जोडे नसले तर त्याला पाहुण्यांच्या सपाता मिळतात. त्या बहुधा त्याच्या पायाला आखूड होतात, आणि जिना चढताना मागे राहतात! दुसऱ्या दिवशी तो स्वतःचे जोडे घेऊन येतो. दिवसाचा पहिला पाठ असा पायांपासून सुरू होतो.

आत गेल्यावर सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे शिक्षकांची खोली. ती प्रशस्त असते. एकेका इयत्तेच्या शिक्षकांची मेजे एकमेकांस लावून मांडलेली असतात, आणि साऱ्यांवर नजर राहील अशा ठिकाणी उपमुख्याध्यापकांचे मेज असते. पाहुण्या शिक्षकालाही तेथे एक मेज मिळते. खोलीत शिरताना त्याने मोठ्याने ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे सुप्रभात, असे म्हणावे अशी अपेक्षा असते. गुपचूप येऊन बसणे हे तेथे विनयाचे लक्षण मानीत नाहीत. विद्यार्थ्यालाही आत यावयाचे झाल्यास तो दारात थांबतो, वाकून अनुज्ञा मागतो, आपले नाव व इयत्ता सांगतो आणि मगच पाऊल टाकतो.

सव्वाआठच्या सुमारास शिक्षकांची छोटी सभा भरते. कोणता विद्यार्थी आजारी आहे, कोणता तास बदलला आहे, मैदान कोण वापरणार आहे, हे सारे भरभर सांगितले जाते. नव्या पाहुण्याला यातील एक अक्षरही कळत नाही. तो पहिले काही आठवडे नुसता बसून राहतो. हे बसणेही सोपे नसते. आपल्या गावी चार माणसांत सहज बोलणारा मनुष्य येथे मुका होतो; इतर हसले की हसतो, इतर उठले की उठतो. परक्या भाषेत वावरणाऱ्या माणसाचे मन कसे असते, हे त्याला या वेळी उमगते. आणि हे उमगणे वाया जात नाही. कारण थोड्याच वेळाने तो ज्या मुलांपुढे उभा राहणार असतो, त्यांचीही इंग्रजीच्या तासाला हीच अवस्था असते.

तास पन्नास मिनिटांचा असतो. मुले आपल्याच वर्गात बसतात आणि शिक्षक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. शिक्षक आत आले की त्या दिवशीचा प्रमुख विद्यार्थी आज्ञा देतो: ‘उभे राहा! नमस्कार! बसा!’ सारा वर्ग एकदम उभा राहतो, कमरेत वाकतो आणि बसतो. हा प्रमुख रोज बदलतो. फळा पुसणे, आज्ञा देणे, वर्गाच्या रोजनिशीत दिवसाची हकिकत लिहिणे ही कामे पाळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्यामुळे हुशार मुलालाच मान आणि भिडस्त मुलाला मागचा बाक, असे होत नाही.

पाहुणा शिक्षक एकटा शिकवीत नाही. त्याच्या जोडीला जपानी इंग्रजी-शिक्षक असतात. व्याकरण ते समजावून देतात. उच्चार आणि संभाषण पाहुण्याकडे असते. जपानी भाषेत ‘र’ आणि ‘ल’ असा भेद नाही. त्यामुळे हे दोन ध्वनी निराळे काढताना मुलांची जीभ घोटाळते. यात हसण्यासारखे काही नाही. आपला ‘ळ’ एखाद्या परदेशी पाहुण्याला उच्चारावयास सांगा, म्हणजे जीभ किती हट्टी असते ते कळेल.

खरी अडचण वेगळीच असते. शिक्षक प्रश्न विचारतात आणि वर्गात शांतता पसरते. एकही हात वर होत नाही. नव्या शिक्षकाला वाटते, मुलांना काही येत नाही किंवा आपले शिकविणे त्यांना आवडत नाही. वस्तुतः दोन्ही तर्क चुकीचे असतात. उत्तर ठाऊक असूनही, चारचौघांत ते चुकले तर काय, या भीतीने मुले गप्प असतात. शहाणा शिक्षक अशा वेळी रागावत नाही. तो मुलांना आधी शेजाऱ्याशी बोलू देतो, मग दोघांनी मिळून उत्तर द्यावे असे सुचवितो. एकट्याला जे जड जाते ते दोघांना हलके होते. थोड्या दिवसांनी हीच मुले ‘तुम्हांला काड्यांनी जेवता येते का?’, ‘तुमच्या गावी बर्फ पडतो का?’ असे प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडतात.

चार तास झाले की भोजनाची वेळ होते. शाळेतील भोजनाची जपानमधील कथा ऐकण्यासारखी आहे. १८८९ मध्ये यामागाता प्रांतातील त्सुरुओका या गावी एका मंदिरात भरणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे मुटके, खारविलेला मासा व लोणचे देण्यास प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात अन्नाची फार टंचाई होती. तेव्हा परदेशांतून मदत म्हणून आलेल्या दूधभुकटीवर व इतर जिन्नसांवर शाळांतील भोजन पुन्हा उभे राहिले. आणि १९५४ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. पुष्कळ वर्षे पाव आणि दूध हाच मुख्य आहार होता. भात अधिकृतपणे आला तो १९७६ मध्ये. आज बहुतेक शाळांत भात किंवा पाव, एखादी भाजी, सार, मासा अथवा मांस आणि दुधाची बाटली किंवा खोका असा आहार असतो.

परंतु भोजनात काय असते यापेक्षा ते कसे होते, हे अधिक पाहण्यासारखे आहे. मुलांना मोठी माणसे वाढीत नाहीत. ज्यांची पाळी असेल ती मुले पांढरे झगे व टोप्या घालून, नाका-तोंडावर पट्टी बांधून, जड भांडी दोघे-दोघे धरून आणतात आणि सर्वांना सारखे वाढतात. सर्वांचे वाढून झाल्यावाचून कोणी घास घेत नाही. मग हात जोडून सारे एकदम ‘इतादाकिमास’ म्हणतात. ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’, असा त्याचा आशय. आपल्याकडे ‘वदनि कवळ’ म्हणून पहिला घास घेण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल. मुलांच्या आधी हे अन्न मुख्याध्यापक चाखून पाहतात. त्यात काही दोष नाही याची खात्री करून घेणे, हे त्यांच्या कर्तव्यांपैकी एक असते.

पाहुणा शिक्षक पुष्कळदा मुलांच्याच बाकावर बसून जेवतो. तो शाकाहारी असेल, तर त्याने हे आधीच सांगून आपला डबा न्यावा, हे उत्तम. कारण जपानी सारात बहुधा माशाचा अर्क असतो.

जेवण झाल्यावर थोडी विश्रांती होते, आणि मग ध्वनिक्षेपकावर संगीत सुरू होते. ही असते झाडलोटीची वेळ. पंधरा-वीस मिनिटे सारी शाळा कामाला लागते. बाके सरकविली जातात, केरसुण्या निघतात, बादल्या भरतात. काही मुले ओले फडके दोन्ही हातांखाली दाबून, ओणवी होऊन, लांबच लांब सोप्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जमीन पुसतात. वर्ग, जिने, हातपाय धुण्याच्या जागा, आणि अनेक शाळांत शौचालयेदेखील मुलेच स्वच्छ करतात. डागडुजीसाठी शाळेत सेवक असतात; परंतु रोजची स्वच्छता हा मुलांच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. शिक्षकही नुसती देखरेख करीत उभे राहत नाहीत. त्यांच्याही हातात फडके असते.

येथे पाहुण्या शिक्षकाची परीक्षा होते. ‘मी भाषा शिकविण्यासाठी आलो आहे, झाडण्यासाठी नव्हे’, असे म्हणून तो शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसला, तर त्याला कोणी बोल लावणार नाही. पाहुणाच तो! पण त्या दिवसापासून तो पाहुणाच राहील. उलट त्याने बाह्या वर सारून केरसुणी हाती घेतली, तर निराळीच गोष्ट घडते. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा बादलीत फडके पिळता पिळता हळूच विचारतो, ‘हिला इंग्रजीत काय म्हणतात?’ येथे चूक झाली तरी चारचौघांत हसे होत नाही. गुण मिळावयाचे नसतात व जावयाचेही नसतात. फळ्यापुढे जी भाषा घशात अडकते, ती बादलीपाशी सहज बाहेर पडते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधील भिंत अशी गुडघे टेकून काम करतानाच उतरते.

श्रमाला शिक्षणात स्थान देण्याचा हा विचार आपल्याला परका नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली आणि त्यांना स्वतःची कामे स्वतः करावयास लावली. एका पंक्तीला जेवणे आणि एका कामाला हात लावणे, यांतून जी समता अंगी मुरते, ती पुस्तकातून मुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनीही हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केला होता. अमुक काम अमक्यानेच करावे, या समजुतीने आपल्या समाजाचे केवढे नुकसान केले आहे, हे आठवले म्हणजे शाळेतील एका बादलीचे मोलही कळू लागते.

दुपारचे तास संपले, वर्गाची शेवटची सभा झाली, तरी मुले घरी जात नाहीत. आता मंडळे भरतात. कोणी चेंडूफळी खेळतो, कोणी केंदो नावाचा काठीचा मर्दानी खेळ खेळतो, कोणी वाद्यवृंदात बसतो, कोणी सुलेखन करतो. पाहुण्या शिक्षकाने येथेही डोकावावे. आतापर्यंत तो शिकवीत होता. येथे एखादी बारा वर्षांची मुलगी त्याच्या हाती कुंचला देऊन तो कसा धरावा हे शिकविते.

मात्र पाहुण्याने केवळ कौतुकच करावे असे नाही. प्रकाशाबरोबर छायाही पाहावी. सायंकाळी मुले गेली तरी जपानी शिक्षकांच्या खोलीतले दिवे जळतच असतात. २०१८ मध्ये अनेक देशांतील शिक्षकांच्या कामाची पाहणी झाली, तेव्हा जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतील शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करतात, असे दिसून आले. पाहणीतील सर्व देशांत हा आकडा सर्वांत मोठा होता. हा भार हलका व्हावा म्हणून २०२३ पासून सुट्टीच्या दिवशीची मंडळे हळूहळू गावातील संस्थांकडे सोपविण्यास आरंभ झाला. तसेच, जेथे सर्वांनी एका लयीत चालावयाचे असते, तेथे ज्याचे पाऊल निराळे पडते त्या मुलाची घुसमट होते. २०२३-२४ या वर्षात दीर्घकाळ शाळेत न आलेल्या प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील मुलांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. एकत्र राहण्याची शिकवण चांगली. पण एकट्या पडलेल्या मुलाकडे पाहणारी नजरही शाळेला हवी. कदाचित ही नजर बाहेरून आलेल्या शिक्षकाजवळ अधिक असेल; कारण एकटेपणा त्याने स्वतः भोगलेला असतो.

आणखी एक गोष्ट पाहुण्याला शिकावी लागते. जपान हा भूकंपांचा देश आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो व योकोहामा या शहरांचा भूकंपाने व आगीने विध्वंस झाला. त्याच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्ती-निवारणाचा दिवस पाळतात. शाळांतून वर्षातून अनेकदा सराव होतो. इशारा झाला की मुले बाकाखाली शिरतात, बाकाचे पाय घट्ट धरतात, आणि मग ओळीने मैदानावर जमतात.

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास हा सराव कसोटीला लागला. ईशान्य जपानच्या समुद्रात प्रचंड भूकंप झाला, आणि पाठोपाठ सागराच्या लाटा किनाऱ्यावर चालून आल्या. कामाइशी या गावी एका कनिष्ठ माध्यमिक शाळेतील मुले क्षणाचाही विलंब न लावता उंच जागेकडे धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुलेही निघाली. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले. ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली. शाळेतून निघालेली ती सारी मुले वाचली. सर्वच गावे इतकी भाग्यवान नव्हती.

त्याच किनाऱ्यावरील इशिनोमाकी या शहरात टेलर अँडरसन नावाची अमेरिकन तरुणी २००८ पासून मुलांना इंग्रजी शिकवीत होती. तिचे वय अवघे २४ वर्षांचे होते. भूकंप झाला तेव्हा ती एका प्राथमिक शाळेत होती. मुलांना घेऊन जावयास त्यांचे पालक येईपर्यंत ती त्यांच्याजवळ थांबली. मग सायकलवरून ती आपल्या घराकडे निघाली; पण घरी पोचली नाही. लाटेने तिला ओढून नेले.

तिच्या आईवडिलांनी शोकात बुडून न जाता मुलीच्या स्मरणार्थ एक निधी उभारला आणि ती जेथे शिकवीत असे त्या शाळांना पुस्तके दिली. तिला वाचनाची आवड होती, म्हणून त्यांनी पुस्तकेच निवडली. ती ठेवण्यासाठी लाकडी मांडण्या हव्या होत्या. त्या ज्या स्थानिक कारागिराने केल्या, त्याची तिन्ही मुले त्याच लाटेत गेली होती. पुढे अशी पुस्तकांची कपाटे तेथील अनेक शाळांत उभी राहिली, आणि टेलरने कधी पाहिलीही नाहीत अशी मुले त्यांतील पुस्तके वाचू लागली.

परक्या देशात शिकविण्यास जाणाऱ्या शिक्षकाने पेटीत काय न्यावे, असे कोणी विचारतो. स्वदेशाची चित्रे न्यावीत, नकाशा न्यावा, आतले जोडे तर न्यावेतच. बाकीचे तेथे मिळते. मुलांबरोबर जेवले, मुलांबरोबर झाडले, मुलांबरोबर चुकत-माकत बोलले, म्हणजे ते आपोआप हाती येते. आणि मुलांनो, उद्या दूर देशाचा एखादा शिक्षक तुमच्या शाळेत येऊन बसला, तर त्याला आपण काय दाखवावे? समारंभाचे हारतुरे तो एक दिवस पाहील. त्यानंतरचे सारे दिवस तो तुमचा वर्ग पाहील, तुमची पंगत पाहील, मधल्या सुट्टीनंतरचे मैदान पाहील, आणि नव्याने आलेल्या अबोल मुलाशेजारी कोण बसते हेही पाहील.

स्वाध्याय

१. ‘शिकविण्यासाठी गेलेला हा मनुष्य प्रथम विद्यार्थी होतो’, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प राहतो, याचे खरे कारण कोणते? शहाणा शिक्षक अशा वेळी काय करतो?
३. जपानी शाळेतील भोजन व झाडलोट यांचे वर्णन आपल्या शब्दांत लिहा.
४. जपानी शाळेतील कोणत्या दोन उणिवा लेखकाने दाखविल्या आहेत? त्या दूर करण्यासाठी काय करावे असे तुम्हांला वाटते?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: भिडस्त, अनुज्ञा, टंचाई, घुसमट, भंडावून सोडणे.
६. तुमच्या शाळेत आठ दिवसांसाठी आलेल्या परदेशी शिक्षकाला, शाळेचा दिवस कसा असतो हे कळविणारे पत्र लिहा.